रोलरकडचा आवाज

“थांबा. बोलू द्या तिला.”

एवढंच म्हणून मामा डावा हात वर करायचे. उजव्या हातात फूटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक मशीनच्या अंगावर टेकवलेलं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले. आजूबाजूला दहा यंत्रं धडधडत असायची. तरी मामांचा हात वर गेला की जवळची दोन-चार माणसं आपोआप गप्प व्हायची. त्या गोंगाटात आमच्या बोलण्या-न बोलण्याने काय फरक पडणार होता? पण व्हायची खरी.

पिरंगुटला आमचा रबराचे भाग बनवणारा कारखाना होता. मी देखभाल विभागाचा प्रमुख आणि मामा माझ्या हाताखालचे फिटर. वयाने माझ्याएवढेच. कासार आंबोलीच्या मागे डोंगराच्या पोटाशी त्यांची वाडी. शाळा चौथीपर्यंत. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणत असे. ते मला सायेब म्हणत.

आवाज ओळखायला कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “गुरांमागं. आमच्या डोंगराव पावसाळ्यात धुकं उतारलं की सोताचा हात दिसत न्हाई. मंग गाय कुटं हाय ते घंटा सांगती. आन नुसतं कुटं हाय ते न्हाई, कशी चालती ते बी. खुरात काटा मोडला की घंटा येगळी वाजती.”

“आणि यंत्र?”

“त्येबी मुकं जनावरच की.”

एकदा आम्ही दोघं सिटी बसने पिरंगुटहून पौडकडे चाललो होतो. मागच्या सीटवर बसलेले मामा उठून धक्के खात थेट ड्रायव्हरपाशी गेले आणि म्हणाले, “मागलं डावं चाक बघा. बेअरिंग रडतीया.” ड्रायव्हर म्हणाला, “मामा, तुमी चालवताय का मी?” मामा परत येऊन बसले. मला म्हणाले, “चार दीस काढंल.” पाचव्या दिवशी सकाळी दुसऱ्या बसमधून जाताना पाहिलं, तर तीच बस रस्त्याच्या कडेला एका अंगावर कलून उभी होती आणि तोच ड्रायव्हर डोक्याला हात लावून दगडावर बसला होता. दुसरा कुणी असता तर खिडकीतून ओरडला असता. मामांनी तोंड दुसरीकडे वळवलं. म्हणाले, “त्याला आपुन दिसायला नगं. वंगाळ वाटंल.”

तुमच्या कारखान्यात, कचेरीत, गल्लीतही असा एखादा माणूस असेल. नीट आठवून पाहा. तो काही सांगतो तेव्हा आपण ऐकतो, कौतुक करतो, चारचौघांत त्याचे किस्से सांगतो. पण त्याचं ऐकल्यामुळे आपलं काम अडणार असेल तर आपण काय करतो, तेही आठवून पाहा. मी काय केलं ते लिहायला बसलो आहे. हे लिहायला मला फार वर्षं लागली. आता थकलो आहे. आणखी वाहून नेण्याची ताकद नाही, म्हणून लिहितो आहे. धैर्य आलंय असं कुणी समजू नये.

आमच्याकडे रबर मळायची एक मोठी मिल होती. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला दोन जाडजूड रोलर आणि मधे गिअरबॉक्स. गिअरबॉक्सला दोन मोठ्या बेअरिंग, एक मोटरकडची आणि एक रोलरकडची. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एका सोमवारी सकाळी मामांनी त्या गिअरबॉक्सला स्क्रूड्रायव्हर लावला. हात वर झाला. बराच वेळ खाली आला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “रोलरकडची घासतीया. बंद करा.”

“किती दिवस काढेल?”

“न्हाई काढायची. आजच उघडा.”

मिलवरचा ऑपरेटर तिथेच उभा होता. त्यानेही ऐकलं.

त्या आठवड्यात परदेशी जाणारा माल बुधवारी संध्याकाळपर्यंत निघायचा होता. मिल उघडून बेअरिंग बदलायची म्हणजे अख्खा दिवस गेला. गुरुवारी कारखान्याला सुट्टी. तेव्हा निवांत उघडता आली असती. मी मामांना म्हणालो, “ठीक आहे. दुसऱ्या पाळीत उघडून बघतो.” ते समाधानाने घरी गेले. मी मिल उघडली नाही; दुसऱ्या पाळीच्या माणसांना त्याची काही खबर नव्हती.

मंगळवारी सकाळी ते आधी माझ्याकडेच आले. “काय निगालं, सायेब?”

“काही नाही. रोलरकडची बेअरिंग आरशासारखी स्वच्छ आहे.”

खोटं बोलताना माणसाची नजर चुकते म्हणतात. माझी चुकली नाही. ते मिलकडे गेले, परत ऐकून आले.

“सायेब, मला आजून ऐकू येतंय.”

“मामा, मी डोळ्यांनी बघितलंय.”

ते हत्यारं उचलून दुसऱ्या यंत्राकडे गेले. डोळ्यांनी बघितलंय म्हटल्यावर कान काय बोलणार?

बुधवारी माल तयार झाला, गाडीत चढला आणि तासाभरात, संध्याकाळच्या पाळीत, मिल कर्रकन आवाज करून जागच्या जागी थांबली. रोलरकडची बेअरिंग फुटली होती. शाफ्ट वाकला होता. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मी बाहेरच्या कंत्राटदाराची माणसं बोलावून गिअरबॉक्स उघडवला. मामा कोण, ते काय म्हणाले होते, त्या माणसांना काही माहीत नव्हतं. दोन्ही बेअरिंग बदलल्या. अहवालात मी लिहिलं की मोटरकडची बेअरिंग अचानक गेली. रोलरकडची लिहिलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, सोमवारी सांगितलं होतं ना? फुटलेली बेअरिंग मी माझ्या स्कूटरच्या डिकीत घालून नेली आणि वाटेतल्या पाणी भरलेल्या खाणीत टाकून दिली.

शुक्रवारी मामा आले. “कोनती गेली?”

“मोटरकडची.”

“आन रोलरकडची?”

“ती शाबूत होती.”

ते हत्यारांच्या पेटीवर बसले. मला वाटलं होतं, वाद घालतील, चिडतील. त्यासाठी मी तयारी करून बसलो होतो. ते हळूच म्हणाले, “म्हंजी जी बोलत व्हती, ती बोलतच नव्हती. आन जी गेली तिचा मला काय बी आवाज न्हाई आला.” मग म्हणाले, “मला बघू द्या की जरा. नुसती हातात धरतो.”

“भंगारात गेली, मामा.”

त्या दिवशी मला कळायला हवं होतं की मी नुसता एक अहवाल खोटा केला नव्हता, एका माणसाचे कान खोटे केले होते. कळलंही असेल. पण मी तेव्हा बढतीच्या यादीत होतो.

मग थट्टा सुरू झाली. मिलवरचा तो ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीत डबा पुढे करायचा. “मामा, जरा लावा तुमचा स्क्रूड्रायव्हर. बायकूनं आज काय दिलंय सांगा.” सगळे हसायचे. मामाही हसायचे. “वांगं आसंल,” म्हणायचे. डब्यात बटाटा निघाला की आणखी हशा. यात दुष्टपणा नव्हता. आवडत्या माणसाचीच थट्टा होते. पण महिन्याभराने मामांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसेनासा झाला. दुसऱ्या फिटरला हाक मारून म्हणायचे, “तूच बघ रं. मला काय बी समजना.”

नंतर एक दिवस टोपी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. “सायेब, मला बागंत टाका.”

“का हो?”

“पूर्वी म्हनायचो, कान फसवतो पर हाड फसवत न्हाई. आता हाड बी फसवाया लागलं. उद्या माझ्यापायी कुनाचा हात गेला तर?”

मी कागदावर सही केली. कारखान्याच्या फाटकापाशी तेव्हा लिंबाची आणि जास्वंदीची झाडं होती. निवृत्त होईपर्यंत मामांनी त्यांना पाणी घातलं.

निवृत्तीनंतर मी कासार आंबोलीला छोटा बंगला बांधला. भोवती आंब्याची कलमं लावली आणि ती सांभाळायला मामांना बोलावलं. लोक म्हणाले, जुन्या माणसाला धरून ठेवलंय, मोठं मन आहे. मी ते ऐकून घेतलं. तेही खोटंच होतं. डोळ्यांसमोर ते ठीक दिसत राहिले की मला झोप लागायची, इतकंच.

माझी पत्नी गेल्यावर घर फार शांत झालं. मुलगा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत. दर रविवारी यायचा आणि त्या शांततेत अवघडून बसायचा. एकदा त्याने टेम्पोतून खोकी आणली आणि बरोबर बसवणारा एक माणूस. मागची खोली रिकामी करून तिथे पडदा लावला, चार बाजूंना सात स्पीकर आणि कोपऱ्यात घुमणारा एक मोठा ठोकळा. “बाबा, तुम्हाला घरबसल्या थिएटर,” म्हणाला.

“टीव्ही आहे की.”

“टीव्हीचा आवाज दाबलेला असतो. कापूस कोंबून गाठोडं बांधतात ना, तसा. गाठोडं सोडलं तरी कापूस पहिल्यासारखा होत नाही. या डिस्कवरचा आवाज अनकंप्रेस्ड आहे. कुठेच दाबलेला नाही. रेकॉर्ड झाला तसाच येणार.”

त्याने एका परदेशी जंगलाची डिस्क लावली. खोलीत अंधार केला. सुरुवातीला काहीच नव्हतं, पण ते काहीच-नसणं मोठं होतं, भिंतींच्या पलीकडे गेलेलं. मग डावीकडे लांब कुठे तरी पाणी वाहू लागलं. जवळ एक वाळकं पान पडलं; मी पायाकडे पाहिलं. मागून कुणीतरी काटक्यांवर पाय देत आलं तेव्हा मी चक्क मान वळवली. मुलगा खूश झाला. मला मात्र बसल्या जागी मामा आठवले. ज्याने ऐकावं असा माणूस बाहेर कलमांना पाणी घालत होता.

मी त्यांना आत बोलावलं. चपला बाहेर काढून, पाय पुसून ते आले. सोफ्यावर बसेनात. “गादी आवाज पिती,” म्हणत खोलीच्या मध्यावर जमिनीवर मांडी घालून बसले. मुलाने डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावली.

मी पडद्याकडे पाहिलंच नाही, त्यांच्याकडे पाहत होतो. डोळे मिटले. थोड्या वेळाने डावा हात आपोआप वर गेला. कितीतरी वर्षांनी.

“हितं धुकं हाय,” ते पुटपुटले. “आस्संच येतं धुक्यात. सगळ्या अंगानं.”

जंगलात एक पाखरू ओरडत समोरून उडालं, डावीकडून मागे गेलं, पाठीमागून उजवीकडे आणि परत समोर. मामांचं तोंड त्याच्याबरोबर वळत होतं. मागे गेल्यावर एकदम थांबलं.

“पाखरू मधीच हरावतंय.”

“म्हणजे?” मुलाने विचारलं.

“मागं डावीकडं हाय. मागं उजवीकडं बी हाय. पर मधी कुटंच न्हाई. मधी भोक हाय. त्यो उजव्या हाताचा मागला डबा उलटा बोलतुया.”

मुलगा हसला. वाईट हसला नाही, थोरामोठ्यांना समजावतात तसं. “मामा, माइक लावून मशीननेच सगळे स्पीकर तपासलेत. सगळं ओके आहे.”

मामांचा हात खाली आला. “आसंल, आसंल. माझ्या कानाचं काय खरं न्हाई. सायबास्नी ठावं हाय.”

“का? काय झालं होतं?”

आणि मामांनी माझ्या मुलाला ती गोष्ट सांगितली. मिलची, सोमवारची, रोलरकडच्या आवाजाची. “सायबांनी सोता उघडून बगितली, तर आरशावानी साफ! आन मी आपला रोलरकडं बोट दावतुया, तवर मोटरकडली गेली की फुटून!” सांगताना ते स्वतःलाच हसत होते. डब्यातलं वांगं आणि बटाटाही सांगितला. मुलगा पोट धरून हसला. खोलीत अंधार होता. माझं तोंड कुणाला दिसलं नसणार.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून मागचा उजवा स्पीकर काढला. त्याच्या पाठीमागे लाल वायर काळ्या जागी होती आणि काळी लाल जागी. मुलाला फोन केला. तो म्हणाला, “हां, तपासताना त्या स्पीकरवर एक इशारा आला होता खरा. बसवणारा म्हणाला, असा येतोच, पुढे चला.” मी वायरी बदलल्या आणि एकटा बसून ऐकलं. पाखरू माझ्या पाठीमागून अखंड गेलं, मधे कुठेही न हरवता.

मामा आळ्यात खत घालत होते. मी जाऊन म्हणालो, “मामा, तुमचं बरोबर होतं. वायर उलटी होती.”

ते उभे राहिले. हात मातीचे. चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. हरवलेलं जनावर लांबून ओळखू यावं, पण तेच आहे की नाही याची खात्री नसावी, तसं काहीतरी. मग त्यांनी विचारलं, “मंग सायेब, तवा कसं चुकलं?”

किती वर्षं हा प्रश्न ते जवळ बाळगून होते कोण जाणे. दुसरं कुणी भोवती नव्हतं. माझी बढती, नोकरी, सगळं मागे पडलेलं. उत्तर पाच शब्दांचं होतं: चुकलं नव्हतं, मी खोटं बोललो.

मी म्हणालो, “कारखान्यात गोंगाट किती होता, मामा. चुकतं माणूस.”

“व्हय,” ते म्हणाले. “चुकतं.” आणि खाली बसून खत घालू लागले.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, दुपारचं काम आटोपलं की दारात येऊन विचारायचे, “लावता का पाखरू?” मी लावायचो. जमिनीवर बसून ते पूर्ण डिस्क ऐकायचे. कुठे काय बरोबर, काय चूक, हे पुन्हा कधी बोलले नाहीत. मी मुद्दाम विचारलं तर म्हणायचे, “तुमास्नी बरं वाटतंय न्हवं? मंग बरं हाय.” आम्ही दोघे म्हातारे त्या अंधाऱ्या खोलीत बसून एका न पाहिलेल्या देशाचं पाणी ऐकत असू. मला ती वेळ आवडायला लागली होती, हे लिहिताना लाज वाटते.

एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला. दवाखाना झाला, घरी आणलं, चार दिवसांत गेले.

दशक्रिया नदीच्या घाटावर झाली. आमच्याकडे विधी आटोपले की श्रद्धांजलीची भाषणं होतात. मंडप होता, खुर्च्या होत्या, झाडांना कर्णे बांधले होते. वाडीची माणसं होती आणि कारखान्यातले बरेच जुने कामगार आले होते. मिलवरचा ऑपरेटर आता गावात पुढारी झालेला. तो माइकवर बोलला. मामा देवमाणूस होते, म्हणाला. मग म्हणाला, “मामांच्या कानाची तर लईच मज्जा,” आणि त्याने मिलची गोष्ट सांगितली. दुखवट्यात हसतात तसे लोक हळू हसले. मामांचे दोन्ही जावई खाली मान घालून बसले होते.

मग माझं नाव पुकारलं. कंपनीचे सायेब. मी माइक हातात घेतला. समोर तीच माणसं होती, ज्यांच्या समोर हे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, मामा कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, झाडांवर त्यांनी पोटच्या पोरासारखी माया केली. कर्ण्यांतून माझा आवाज पलीकडच्या काठाला जाऊन परत आला. मी माइक खाली ठेवला.

लोक उठले. मामांची बायको दगडी पायरीवर बसली होती. मी समोर जाऊन हात जोडले. ती म्हणाली, “तुमच्याकडं त्यास्नी बरं वाटायचं, सायेब. घरात लई गप व्हते. येक खोडच लागली व्हती शेवटाला. कुत्रं भुकलं, की मला इचारायचं, तुला ऐकू आलं का? पत्र्याव काय पडलं, तुला ऐकू आलं का? पावनं हाक मारत दारात उभं, आन ह्ये माझ्या तोंडाकडं बगनार. मी वरडायची, कान हायेत न्हवं तुमास्नी? धा वर्सं असंच.”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सांगितलं. सोमवारी मामा रोलरकडची म्हणाले होते. मी मिल उघडली नव्हती. रोलरकडचीच गेली. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. सगळं सांगितलं, खाणीत टाकलेल्या बेअरिंगसकट. तिला बेअरिंग म्हणजे काय ते ठाऊक नसेल, पण तिने मधे एकदाही विचारलं नाही. पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत ऐकत राहिली.

ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मगाशी माइक तुमच्या हातात व्हता की, सायेब,” ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. मंडपवाला झाडावर चढून शेवटचा कर्णा सोडत होता. खाली खुर्च्यांच्या चवडी रचल्या होत्या आणि जीपगाड्या निघून गेल्या होत्या.